नव्वद नंबर, दुसरा गिअर आणि कुंभार्लीचा घाट

“सकाळी दुसरा पडतच न्हाय, सायेब. मल्हारपेठ येईस्तोवर पयल्यातनं थेट तिसऱ्यात टाकतोय.”

ड्रायव्हर बापूंची तक्रार एवढीच होती. ती पहिल्यांदा आली तेव्हा कुणी मनावर घेतली नाही. थंडीत ड्रायव्हर कुरकुरतो तशी गाडीही कुरकुरायचीच, असं मालकांचं म्हणणं. पुढच्या सहा महिन्यांत याच दुसऱ्या गिअरपायी चार वेळा गिअर ऑइल बदललं, एकदा गिअरबॉक्स खाली उतरला आणि भाड्याच्या दिवसांत गाडी सहा दिवस उभी राहिली. चारपैकी पहिला बदल साफ चुकला होता. तो मी केला नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. नंतरच्या तिन्हीत माझं डोकं होतं, त्यामुळं त्यांचं बरंवाईट माझ्या खात्यावर धरा.

मालक म्हणजे तात्या, माझ्या वडिलांचे शाळेतले सोबती. कराडात राहतात, तीन गाड्या बाळगून आहेत. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पुण्यात गिअर बनवणाऱ्या कारखान्यात आठ वर्षं काढली आणि गावी परत आलो, त्यामुळं तात्यांच्या लेखी मी इंजिनेर. गाडी अडली की फोन येतो, भाडं मिळालं की येत नाही.

गाडी म्हणजे दहा चाकी ट्रक, एमएच-५० पासिंग, सात वर्षांची, ५ लाख ४० हजार किलोमीटर पळालेली. धंदा कोकणचा. कराडहून साखर, खत नाहीतर सिमेंट भरायचं, पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठायचं आणि येताना जांभ्याचे चिरे भरून तोच घाट चढायचा. चिपळूण समुद्रसपाटीच्या जवळ, घाटमाथा सहाशे मीटरच्या आसपास. ही सगळी चढण लोड गाडी दुसऱ्या-तिसऱ्यातच काढते. चिरे पासिंगपेक्षा किती जास्त भरतात ते मी विचारलं नाही आणि बापूंनी सांगितलं नाही.

चारापेक्षा पाच वरचं

डिसेंबरात थंडी वाढली तशी बापूंची तक्रारही वाढली. कोयनेकाठी पहाटे पारा दहाच्या घरात येतो. गाडी चालू केल्यावर पहिले पंधरा-वीस किलोमीटर दुसरा गिअर पडायचा नाही, पडला तर लोखंडावर कानस मारल्यासारखा आवाज करून. उन्हं वर आली की आपोआप बरं.

तात्यांना कुणीतरी सांगितलं, सिंथेटिक ऑइल टाका, लोण्यासारखे गिअर पडतात. तात्या हायवेच्या सर्व्हिस रोडवरच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं पाच-पाच लिटरचे दोन चकचकीत डबे पुढं ठेवले. फुल सिंथेटिक, घट्टपणाचा नंबर ७५डब्ल्यू-९०, वर्ग जीएल-५. तात्यांनी शंका काढली की आमच्या पुस्तकात जीएल-४ लिहिलंय. त्यावर दुकानदाराचं उत्तर तात्यांनी मला नंतर जसंच्या तसं ऐकवलं: “अहो, चारापेक्षा पाच वरचंच की! पाच चालतंय म्हणजे चार त्यात आलंच.” ७,२०० रुपये मोजले, त्याच दिवशी ऑइल बदललं.

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा गिअर पडला. बापू खूश, तात्या त्याहून खूश. दोन आठवडे मला फोन नाही.

तिसऱ्या आठवड्यात आला. आता दुखणं उलटलं होतं. सकाळी ठीक, पण घाट चढताना तिसऱ्यातून दुसऱ्यात घेतलं की खर्रर्र. ऐन वळणावर, चिऱ्यांची गाडी, मागं एसटी, आणि गिअर नाही. एकदा तर बापूंना गाडी थांबवून पहिल्यापासून उचलावी लागली. “सकाळचं परवडलं हुतं सायेब,” ते म्हणाले, “घाटात मरणाचं भ्या वाटतंय.”

बापूंची डायरी आणि स्टीलची थाळी

मी गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी डायरी मागितली. बापू सातवी शिकलेले, पण डिझेल, टोल, पंक्चर, सगळं लिहून ठेवतात. मागच्या दहा महिन्यांत नऊ ठिकाणी एकच ओळ होती: ‘गिअर ऑइल १ ली.’

म्हणजे महिन्याला लिटरभर ऑइल गिअरबॉक्समधून कुठंतरी जात होतं आणि बापू ते भरून काढत होते. कशानं? केबिनमध्ये सीटखाली एक कळकट कॅन होता. पुसून वाचला. ८५डब्ल्यू-१४०, म्हणजे नव्वद नंबरपेक्षा बरंच घट्ट, जीएल-५. डिफरन्सलचं, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचं ऑइल. बापूंच्या लेखी ऑइल दोनच प्रकारचं, इंजिनाचं आणि गिअरचं. डिफरन्सलमध्येही गिअरच असतात, मग एकच कॅन पुरतो. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. कॅनवर ‘गिअर ऑइल’ असंच छापलेलं होतं.

या गिअरबॉक्सला साडेनऊ लिटर ऑइल लागतं. महिन्याला एक लिटर मिसळलेलं ऑइल बाहेर जाणार, एक लिटर १४० नंबर आत येणार, असं नऊ वेळा. हिशेब केला तर डिसेंबरपर्यंत आतलं निम्म्याहून जास्त ऑइल १४० नंबर झालेलं होतं. सकाळी दुसरा गिअर न पडण्याचं कारण डायरीतच होतं.

ते ऑइल तर तात्यांनी काढून टाकलं होतं. आता नवं सिंथेटिक बघायचं होतं. गाडी चिपळूणहून आली तशी गरम असताना मिस्त्रींनी खालचा नट सैल केला. मी घरून स्टीलची थाळी आणली होती, त्यात कपभर ऑइल धरलं आणि उन्हात ठेवलं. ज्यांनी हे कधी बघितलं नाही त्यांनी एकदा बघावं. ऑइल तीन आठवड्यांचं, रंग अजून मधासारखा. थाळी थोडी कलती केली की त्या मधात सोनेरी झाक फिरत होती, पैठणीच्या पदरावर उजेड सरकतो तशी. नटाच्या चुंबकाला राखाडी लोण्यासारखा बारीक थर होता. तो असतोच, पोलादाची झीज आहे, त्यात टोचणारे कण नव्हते. सोनेरी झाकेला मात्र मी दुसरं चुंबक लावलं तर ती हलेना. पितळ.

मिस्त्री थाळीकडं बघून एकच शब्द बोलले: “सिंक्रो.”

पितळाची रिंग

धावत्या एसटीत चढणारा माणूस आधी तिच्याबरोबर दोन पावलं पळतो, मग दांडी धरून पाय टाकतो. गिअर बदलताना तेच व्हावं लागतं. दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरत असतात. ती एका वेगावर आली तरच दात दातात बसतात. वेग जुळवायचं काम सिंक्रो रिंगचं. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये ती पितळी असते, काहींत मॉलिब्डेनम किंवा कार्बनचा थर दिलेली. रिंगच्या आतल्या अंगाला बारीक आटे असतात. ते समोरच्या पोलादी शंकूवरचं ऑइल खरवडून बाजूला सारतात, मग रिंग शंकूला घासते आणि घासून वेग जुळवते.

म्हणजे या एका जागी आपल्याला घर्षण हवं आहे. गिअरचे दात निसरडे हवेत, रिंग निसरडी नको. ऑइल फार घट्ट असेल तर आट्यांना ते बाजूला सारता येत नाही, ही सकाळची तक्रार. ऑइलमध्ये निसरडेपणाची रसायनं जास्त असतील तर ते बाजूला सारूनही रिंग घसरत राहते, ही घाटातली तक्रार.

डबा परत वाचला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘लिमिटेड स्लिप’ होतं. लिमिटेड स्लिप डिफरन्सलमध्ये क्लचच्या चकत्या असतात, त्या अडखळू नयेत म्हणून त्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारं रसायन मुद्दाम घातलेलं असतं. तिथं ते गुणाचं. सिंक्रोला ते म्हणजे दोर ओढणाऱ्या माणसाच्या हाताला तेल लावण्यासारखं.

आता जीएल-४ आणि जीएल-५. हे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे, म्हणजे एपीआयचे वर्ग आहेत, आणि ते शाळेतल्या इयत्तांसारखे नाहीत, की पाचवीत गेलेल्याला चौथीचं सगळं येतंच. जीएल-५ हे मुळात डिफरन्सलच्या हायपॉइड क्राउन-पिनियनसाठी, म्हणजे तिथल्या तिरक्या दातांच्या मोठ्या-लहान गिअरच्या जोडीसाठी. तिथं दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली सरकतात, म्हणून गंधक आणि फॉस्फरसची संयुगं भरपूर घालतात, जीएल-४ च्या साधारण दुप्पट. गरम झाल्यावर ही संयुगं पोलादावर संरक्षक थर चढवतात. तांब्या-पितळेला मात्र गंधक काळं पाडतं आणि हळूहळू खातं. याची एक परीक्षा असते. घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी गरम ऑइलमध्ये काही तास बुडवून ठेवायची आणि किती काळवंडली ते १ ते ४ या श्रेणीत मोजायचं. जीएल-५ च्या अटीत तिसऱ्या श्रेणीपर्यंतचा डाग खपून जातो. गिअरबॉक्ससाठी बनवलेल्या चांगल्या ऑइलच्या माहितीपत्रकात १ए किंवा १बी दिसतं.

तीन आठवड्यांच्या सिंथेटिकनं पितळ खाल्लं, असं मी म्हणणार नाही. एवढ्यात तसं होत नाही. पितळाची झीज त्याआधीच्या दहा महिन्यांची. १४० नंबरचं ऑइलही जीएल-५ च होतं, आणि वर रोज सकाळी बापू गिअर दामटत होते. झिजलेल्या रिंगला निसरडं ऑइल मिळालं आणि तिची उरलीसुरली पकड गेली. सकाळचं दुखणं बरं झाल्यामुळं हे दोन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही.

एक खुलासा करायला हवा. जीएल-५ गिअरबॉक्सला कधीच चालत नाही असं नाही. काही बनवणारेच ते सांगतात, आणि ज्या जुन्या पद्धतीच्या जड गिअरबॉक्समध्ये सिंक्रो नसतोच त्यांच्यासाठी एपीआयचा एमटी-१ असा वेगळा वर्ग आहे. आमच्या गाडीच्या पुस्तकात जीएल-४ होतं, म्हणून जीएल-४.

सिंथेटिकनं नेमकं काय मिळतं

तात्या आता दुसऱ्या टोकाला गेले होते. “सिंथेटिक नकोच. आपलं साधं नव्वद नंबर बरं.” मला तेही पटेना. बापूंची सकाळ खरोखरच सुधारली होती, ती कशामुळं हे बघायला हवं होतं.

माहितीपत्रकांत ऑइलचा घट्टपणा ४० आणि १०० अंशांना दिलेला असतो, सेंटिस्टोकमध्ये. दोन आकडे मिळाले की बाकीच्या तापमानाचा घट्टपणा सूत्रानं काढता येतो. ८०डब्ल्यू-९० साधं ऑइल ४० अंशांना साधारण १४५ आणि १०० ला साडेचौदा. ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक १०० आणि १५. या आकड्यांवरून १० अंशांना, म्हणजे पाटणच्या पहाटेला, साधं निघालं ११५० च्या आसपास आणि सिंथेटिक ५०० च्या. निम्म्याहून कमी. ११५० म्हणजे घरातल्या एरंडेलाच्या थोडं वर. आणि सीटखालचं १४० नंबर? त्याच हिशेबानं साडेचार हजार. काकवी.

म्हणजे सकाळचा फरक खरा आहे. पण बापूंना जो एवढा जाणवला त्यात मोठा वाटा काकवी निघून जाण्याचा होता. साधं नव्वद नंबर टाकलं असतं तरी सकाळ बरीच सुधारली असती.

आता घाट. ८० अंशांना तोच हिशेब साध्याला २६ देतो आणि सिंथेटिकला २५. १०० ला तर दोन्ही बरोबरीतच. होणारच, डब्यावरचा ९० हा आकडा सांगतोच मुळी एवढं की १०० अंशांना घट्टपणा ठरलेल्या पट्ट्यात, १३.५ ते १८.५ च्या आत आहे. ‘सिंथेटिक घाटात जास्त ताकद देतं’ हे जे दुकानात ऐकवतात त्याला घट्टपणाचा काही आधार नाही. पुढचा ७५डब्ल्यू हा आकडा उणे ४० अंशांच्या चाचणीचा आहे, ८०डब्ल्यू उणे २६ चा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो, एवढीच आपली थंडी.

घाटात सिंथेटिकचा फायदा वेगळ्या जागी आहे. मी पिस्तुलासारखा थर्मामीटर घेऊन एका खेपेला बापूंबरोबर गेलो. चढ संपल्यावर गाडी कडेला घेऊन गिअरबॉक्सच्या तळाशी धरला तर ९८ अंश. सपाटीवर, पाटणच्या अलीकडं, ७२ होता. ऑइल हवेशी संयोग पावून खराब होतं आणि ढोबळ नियम असा की दर १० अंशांना हा वेग दुप्पट होतो. म्हणजे घाटातला एक तास सपाटीवरच्या पाच-सहा तासांएवढं ऑइल म्हातारं करतो. चांगलं सिंथेटिक या उष्णतेत जास्त टिकतं. फायदा आयुष्याचा आहे.

‘चांगलं’ हा शब्द मुद्दाम घातला. डब्यावरचा सिंथेटिक हा शब्द फार लवचीक आहे. एपीआयनं मूळ तेलांचे पाच गट केलेत. चौथ्या गटातलं पीएओ हे रसायनशाळेत जोडून बनवलेलं, त्याच्या सिंथेटिक असण्याबद्दल वाद नाही. तिसरा गट खनिज तेलच, पण हायड्रोजन वापरून इतकं शुद्ध केलेलं की वागायला पीएओच्या जवळ जातं. १९९९ मध्ये अमेरिकेत जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या मंडळासमोर मोबिल विरुद्ध कॅस्ट्रॉल असा यावरून वाद झाला आणि तिसऱ्या गटालाही सिंथेटिक म्हणायला मोकळीक मिळाली. तेव्हापासून डब्यावर फुल सिंथेटिक वाचून आत काय आहे ते कळत नाही.

गळतीचं निघालं भलतंच

खरं तर सगळ्यात आधी हे बघायला हवं होतं. महिन्याला लिटर गळणाऱ्या गिअरबॉक्समध्ये आठशे रुपये लिटरचं ऑइल ओतणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी. मिस्त्रींनी मागच्या वर्षभरात मागचं ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, दोनदा बदललं होतं. दोन्ही वेळा दीड महिन्यात परत ओल.

गिअरबॉक्सच्या माथ्यावर एक अंगठ्याएवढी टोपी असते, ब्रीदर. आत गरम झालेली हवा तिथून बाहेर पडते. आमच्या गाडीवर ती कुठं आहे हे शोधायलाच वेळ लागला, कारण त्या जागी जांभ्याच्या लाल चिखलाचं एक गुळगुळीत ढेकूळ होतं. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडून पाना लावला, अर्धा आटा फिरवला आणि फुस्स करून हवा सुटली, कुकरची शिटी उचलल्यासारखी. गाडी घाटातून येऊन तास होऊन गेला होता, तरी.

सगळा उलगडा त्या फुस्समध्ये होता. ब्रीदर बंद, घाटात हवा तापून फुगणार, जायला वाट नाही, मग ती सीलच्या ओठातून ऑइल घेऊन बाहेर. सील बिचारं दोनदा उगाच बदललं. ब्रीदर रॉकेलमध्ये भिजवून, बारीक तार घालून साफ केला, सील तिसऱ्यांदा बदललं. त्यानंतर डायरीत ‘गिअर ऑइल १ ली.’ ही ओळ आलेली नाही.

निवड

आता कुठं कुठलं ऑइल हा प्रश्न विचारायला अर्थ आला.

तात्यांनी आणि मी तीन डबे समोर ठेवले. खरे नव्हे, त्यांची माहितीपत्रकं, मोबाइलवर. पहिला, गाडी कंपनीच्या नावानं मिळणारं साधं ८०डब्ल्यू-९०, जीएल-४, ३२० रुपये लिटर. दुसरा, एका बड्या नावाचं सिंथेटिक ७५डब्ल्यू-९०, ज्यावर ‘जीएल-४/जीएल-५’ असं दोन्ही लिहिलेलं. तिसरा, कमी ऐकलेल्या नावाचं सिंथेटिक ७५डब्ल्यू-९०, फक्त जीएल-४, ७८० रुपये, कराडात मिळत नव्हतं, पुण्याहून मागवावं लागणार होतं.

तात्यांचा ओढा दुसऱ्याकडं. दोन्हीला चालतं, म्हणजे बापूंचा घोळही मिटेल, एकच कॅन. मला ते सगळ्या स्थळांना पसंत पडणाऱ्या मुलासारखं वाटलं, चौकशी करावीशी वाटते. काही दुहेरी ऑइल खरोखर चांगली असतात, पितळ सांभाळणारी रसायनं घालून बनवलेली. पण या माहितीपत्रकात तांब्याच्या पट्टीचा आकडाच नव्हता. झिजलेली रिंग घेऊन मी तो जुगार खेळणार नव्हतो.

एक गोष्ट बऱ्याच ट्रकवाल्यांना ठाऊक नसते. इंजिन ऑइलला एपीआय परवाना देते, डब्यावर गोल शिक्का असतो. गिअर ऑइलला तसा परवाना नाही. डब्यावरचं ‘जीएल-४’ म्हणजे बनवणाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर केलेला दावा. म्हणून गिअरबॉक्स बनवणाऱ्याची मान्यता बघायची. गाडीवर नाव एकाचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्याचा, हे ट्रकमध्ये नेहमीचं. गिअरबॉक्सच्या अंगावर पत्र्याची पाटी असते, तिच्यावर त्याचा प्रकार लिहिलेला असतो. मिस्त्रींनी डिझेलचा बोळा मारून पाटी पुसली, मी मोबाइलचा उजेड पाडून पालथा पडून वाचली. बनवणाऱ्यांच्या मान्य ऑइलच्या याद्या खुल्या असतात. झेडएफ या जर्मन गिअरबॉक्स कंपनीची टीई-एमएल ०२ ही यादी त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध, त्यात ऑइलचे वर्ग असतात आणि कुठल्या वर्गाचं ऑइल किती किलोमीटर चालवायचं तेही ठरलेलं असतं.

डब्यावरची इंग्रजीही नीट वाचावी लागते. ‘सूटेबल फॉर’ म्हणजे आम्हाला वाटतं चालेल. ‘मीट्स’ म्हणजे आमच्या मते अटी पूर्ण होतात. ‘अप्रूव्हड’ आणि पुढं मान्यता क्रमांक असेल तर तो यादीत शोधता येतो. बड्या नावाच्या डब्यावर पहिले दोन्ही शब्द होते, तिसरा नव्हता. कमी ऐकलेल्या नावाच्या डब्यावर क्रमांक होता आणि तो आमच्या गिअरबॉक्सच्या यादीत सापडला.

पैशाचा हिशेब तात्यांनी स्वतः बिड्यांच्या पुड्यावर मांडला. घाटातल्या वापराला पुस्तकात साध्या ऑइलची मुदत ४०,००० किलोमीटर, मान्यता असलेल्या सिंथेटिकची १,२०,०००. साधं एका वेळेला ३,०४० रुपये, मजुरी ४००, असं तीनदा म्हणजे १०,३२०. सिंथेटिक ७,४१० आणि मजुरी ४००, एकदाच, म्हणजे ७,८१०. दोन वर्षांत अडीच हजार वाचले. “यवढ्यासाठी पुण्याला माणूस पाठवू?” तात्या म्हणाले. त्यांचं बरोबर होतं; अडीच हजारांत ट्रकच्या टायरचा कोपराही येत नाही. पण गिअरबॉक्स उतरवून सिंक्रोचा सेट घालायचा मिस्त्रींचा अंदाज ३८,००० होता, गाडी उभी राहील ते वेगळं. त्यापुढं दोन्ही ऑइलच्या किमती किरकोळ.

ठरलं असं. आधी साधं जीएल-४ भरायचं, ५०० किलोमीटर चालवून गरम असतानाच काढून टाकायचं, म्हणजे आतलं जीएल-५ धुऊन निघेल. मग सिंथेटिक जीएल-४. बाजूच्या भरायच्या भोकाच्या कडेपर्यंतच, गाडी सपाटीवर ठेवून. जास्त भरलं की फेस होतो आणि सील परत रडतं. पक्कं बिल घ्यायचं, कारण डुप्लिकेट ऑइलचा धंदा आपल्याकडं जोरात आहे.

पुढं काय झालं

सकाळचा दुसरा गिअर जानेवारीच्या थंडीत पडला. घाटातला खर्रर्र पुष्कळ कमी झाला, गेला मात्र नाही. बापूंना मी दोनदा क्लच दाबून मध्ये न्यूट्रलला अ‍ॅक्सिलेटर द्यायला सांगितलं. ते हसले, कारण बिनसिंक्रोच्या जुन्या गाड्या त्यांनी तशाच चालवल्या होत्या. त्या जोरावर चार महिने निघाले. मे महिन्यात गिअरबॉक्स उतरवावाच लागला. दुसऱ्या गिअरच्या रिंगचे आटे हाताला लागत नव्हते, काचेसारखी गुळगुळीत झाली होती. बिल ३६,५०० आलं, गाडी सहा दिवस उभी राहिली.

सिंथेटिक तेव्हा जेमतेम वीस हजार किलोमीटर चाललं होतं. तात्या म्हणाले, गाळून परत भरू. मी आणि मिस्त्री दोघंही नाही म्हणालो, त्यात पितळाची भुकटी होती. नवं भरलं. १,२०,००० किलोमीटरचा बिड्यांच्या पुड्यावरचा हिशेब तिथंच कोलमडला. डिसेंबरातच गिअरबॉक्स खोलला असता तर एक भरणा वाचला असता. मी ऑइलनं भागेल अशी आशा धरली, ती माझी चूक.

तात्यांच्या दुसऱ्या गाडीत मी साधं नव्वद नंबरच ठेवलं. ती हंगामात उसाच्या खेपा करते, कृष्णाकाठच्या सपाटीवर, आणि तिच्या गिअरबॉक्सला तळाशी जुनी वेल्डिंगची जागा आहे, तिथून थोडं पाझरतंच. तिला दर ४० हजारांना स्वस्त आणि ताजं ऑइल बरं. तिसरी अजून वॉरंटीत आहे, तिच्यात पुस्तकाबाहेरचं काही नाही.

बापूंच्या सीटखाली आता दोन कॅन असतात. डिफरन्सलच्या कॅनला लाल ऑइलपेंट फासलाय, गिअरबॉक्सच्या कॅनला पांढरा, आणि तसाच पांढरा ठिपका गिअरबॉक्सच्या भरायच्या भोकाच्या नटावर.

राहिलं ते तात्यांचं पहिलं सात हजारांचं सिंथेटिक. काढलेलं ऑइल मी फेकू म्हटलं तर तात्यांना ते सोसवेना. डिफरन्सलमध्ये टाकू म्हणाले, मी टाकू दिलं नाही. शेवटी ते मळ्यातल्या कडबाकुट्टीच्या गिअरला गेलं. परवा गेलो तर तात्यांनी मुद्दाम यंत्र चालू करून दाखवलं. “बघ, कसं लोण्यासारखं फिरतंय,” ते म्हणाले. “मी म्हणत हुतो न्हवं, चारापेक्षा पाच वरचंच.”